बालगुन्हेगारी म्हणजे "लहान मुलाने केलेला गुन्हा" एवढंच का? व्याख्येतच अडकलेय

गवतफूल

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात एमए करतेय, पहिलं वर्ष. बालगुन्हेगारीवर प्रकल्प लिहायचाय आणि पहिल्याच पानावर गाडी अडलीये. मी सरळ लिहून टाकलं होतं की "१८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला गुन्हा म्हणजे बालगुन्हेगारी", मला वाटलं यात चुकण्यासारखं आहेच काय, शब्दाची फोड केली तरी तेच निघतं. मॅडमनी कागद परत दिले तेव्हा त्या ओळीखाली लाल शाईत एवढंच लिहिलेलं होतं, "मग घरातून पळून गेलेली पंधरा वर्षांची मुलगी कुठे बसवणार?"

तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय. पळून जाणं हा गुन्हा नाही, मोठ्या बाईने घर सोडलं तर कोणी तिला गुन्हेगार म्हणत नाही, पण पुस्तकांमध्ये बालगुन्हेगारीच्या प्रकरणात पळून जाणं, शाळा बुडवणं हे सगळं असतंच. मग ते विचलनात धरायचं का? आणि विचलन, गुन्हा, बालगुन्हेगारी ही तीन वेगळी खाती आहेत की एकातून दुसरं निघतं?

अजून एक, हे प्रकल्पात जाणार नाही पण सांगते. माझा धाकटा मावसभाऊ १३ वर्षांचा आहे, दोन-तीन महिन्यांपासून शाळा बुडवतोय, आणि घरातली मोठी माणसं त्याच्या तोंडावर म्हणतात की हा पुढे जाऊन गुन्हेगारच होणार. मला ते ऐकवत नाही, पण उलटून काय बोलायचं तेही कळत नाही.

जुनीवही

मॅडमनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी बरीच वर्षं हा विषय शिकवलाय आणि दरवर्षी निम्मा वर्ग इथेच अडकतो, कारण आपल्या मराठी शब्दाच्या पोटातच "गुन्हा" बसलाय. त्याच्या मूळ इंग्रजी डेलिंक्वन्सी या शब्दात तो नाही. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ सोडून देणं, कर्तव्यात कमी पडणं. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द कसूर. म्हणून तर कर्जाचा हप्ता थकला तरी इंग्रजीत हाच शब्द वापरतात. काही जुन्या मराठी पुस्तकांत "बाल अपचार" असं येतं, ते कानाला जड लागतं पण अर्थाला जास्त इमानी आहे.

आता तीन खात्यांचं बघू. विचलन सगळ्यात ऐसपैस. एखाद्या गटाने वागण्याचे जे नियम धरलेत, लिहिलेले असोत नसोत, ते मोडले आणि गटाने त्यावर नाक मुरडलं की ते विचलन. वर्गात सगळे खेळत असताना एकटंच भिंतीकडे तोंड करून बसणारं मूल विचलित ठरू शकतं, त्यात कायद्याचा काही संबंध नाही. गुन्हा मात्र कायद्याने ठरतो, कलम पाहिजे आणि शिक्षा पाहिजे. आणि इथे लोक गल्लत करतात, त्यांना वाटतं गुन्हा हा विचलनाच्या मोठ्या गोलातला छोटा गोल आहे. तसं नाहीये. लायसन्स नसताना स्कूटर चालवणारी मुलं घे, किंवा चोरून डाउनलोड केलेला सिनेमा बघणारी. कायदा मोडला हे खरं, पण त्यांच्या गटात ते इतकं नेहमीचं आहे की जो हे करत नाही तोच वेगळा पडतो. म्हणजे गुन्हा आहे आणि विचलन नाही. दोन गोल एकमेकांवर अर्धवट चढलेले आहेत असं चित्र डोळ्यासमोर ठेव.

बालगुन्हेगारी या दोन्ही गोलांतून आडवी जाते. तिचा एक भाग म्हणजे मोठ्याने केला असता तरी गुन्हाच ठरला असता अशा गोष्टी, चोरी, मारहाण, तोडफोड. दुसरा भाग म्हणजे फक्त वयामुळे आक्षेपार्ह ठरणाऱ्या गोष्टी, शाळा बुडवणं, घरातून पळणं, रात्री ठरलेल्या वेळेनंतर बाहेर दिसणं, आईबापांचं अजिबात न ऐकणं. याला स्टेटस ऑफेन्स म्हणतात, मराठीत आपण वयाधारित दोष म्हणू. तुझ्या मॅडमनी विचारलेली ती पंधरा वर्षांची मुलगी इथे बसते, निदान ज्या देशांत कायदा असं वागणं कोर्टापर्यंत नेतो तिथे तरी.

आणि फ्रेंच समाजशास्त्रज्ञ द्युर्केम विसरू नकोस. १८९३ मध्ये त्याने मांडलं की एखादी कृती मुळातच गुन्हा असते म्हणून आपण तिचा धिक्कार करतो असं नसून आपण धिक्कार करतो म्हणून ती गुन्हा ठरते. हे वाक्य नीट पचवलं की व्याख्येचं निम्मं काम झालं, कारण मग तू "हे वागणं काय आहे" एवढंच विचारत बसत नाहीस, "याला हे नाव कोणी दिलं आणि कधी" हेही विचारतेस.

तिसराबाक

कायद्याच्या बाजूने भर घालतो, वकिली करतो पण मुलांच्या केसेस रोज करत नाही, मात्र हा इतिहास आवडीने वाचलाय.

बालगुन्हेगार ही स्वतंत्र जात कायद्याने जन्माला घातलीये, आणि फार जुनी पण नाही. अमेरिकेतलं पहिलं बाल न्यायालय १८९९ मध्ये शिकागोत, इलिनॉय राज्याच्या कायद्याने उभं राहिलं. त्या कायद्यात डेलिंक्वंट चाइल्डची व्याख्या साधी होती, १६ वर्षांखालचं मूल ज्याने राज्याचा कायदा किंवा गावाचा नियम मोडला. म्हणजे गवतफूल, तुझी पहिली व्याख्या साधारण तिथे होती! पण पुढच्या काही वर्षांतच त्यात हाताबाहेर गेलेलं मूल, वाईट संगतीत वावरणारं मूल असं एकेक घुसत गेलं. हेतू वाईट नव्हता, सरकारने पालकाच्या जागी उभं राहायचं आणि मुलाला शिक्षा न देता सुधारायचं अशी कल्पना. पण प्रेमाच्या नावाखाली कायद्याची राखण काढून घेतली की काय होतं ते गॉल्ट प्रकरणात दिसतं. १९६४, अ‍ॅरिझोना, १५ वर्षांचा मुलगा, आरोप काय तर शेजारच्या बाईंना फोनवर अश्लील बोलला. आईबाप कामावर असताना त्याला उचललं, घरी साधी चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही, तक्रार करणाऱ्या बाई कोर्टात कधी आल्याच नाहीत, वकील नाही, आणि वयाच्या २१ पर्यंत सुधारगृहात ठेवायचा हुकूम. हेच मोठ्या माणसाने केलं असतं तर जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो हुकूम रद्द केला आणि सांगितलं की मुलालाही आरोपाची नोटीस, वकील, साक्षीदाराची उलटतपासणी हे सगळं मिळालं पाहिजे. मी ही केस पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, दोन महिने आणि सहा वर्षं, फरक फक्त वयाचा.

वयाचं म्हणशील तर "मूल" म्हणजे कोण हेच जगात एक नाही. कितव्या वर्षापासून मुलावर गुन्ह्याची जबाबदारी टाकायची हे वय इंग्लंडमध्ये १०, स्कॉटलंडमध्ये १२, जर्मनी आणि जपानमध्ये १४. भारतात ७ वर्षांखाली गुन्हाच होत नाही आणि ७ ते १२ मध्ये मुलाची समज पुरेशी आहे का ते बघायचं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१९ मध्ये सगळ्या देशांना किमान १४ ठेवा असं सांगितलंय. म्हणजे तेच मूल, तीच कृती, सीमा ओलांडली की गुन्हा पुसला जातो. तुझ्या व्याख्येत "१८" हा आकडा ठोकून बसवू नकोस, "कायद्याने ठरवलेल्या वयाखालील" असं लिही.

आणि मॅडमच्या प्रश्नातल्या मुलीचं उत्तर भारताच्या कायद्यात वेगळं येतं, जुनीवही सर म्हणाले तसं देशावर अवलंबून आहे. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यात दोन दारं आहेत. कायदा मोडल्याचा आरोप असेल तर ते विधिसंघर्षग्रस्त बालक, त्याचं दार बाल न्याय मंडळ. पळून आलेली, टाकून दिलेली, छळ झालेली मुलं ही काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली बालकं, त्यांचं दार बाल कल्याण समिती. पळून गेलेली मुलगी दुसऱ्या दारातून आत येते, तिला गुन्हेगार म्हणताच येत नाही. १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर मंडळ आधी त्याची समज आणि परिस्थिती तपासतं आणि मग त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का ते ठरवतं, हा भाग वादाचा आहे पण तो तुझ्या विषयाबाहेर जाईल.

शब्दही बघ कसे बदललेत. १९८६ च्या कायद्यात डेलिंक्वंट ज्युवेनाइल, २००० मध्ये कायद्याशी संघर्षात आलेला किशोर, २०१५ मध्ये किशोर जाऊन बालक. शिक्का मारणारी भाषा वापरायची नाही हे तर २०१५ च्या कायद्यात तत्त्व म्हणूनच लिहिलंय.

गुलबक्षी

मी मुलांसोबत काम करते, समुपदेशक आहे, वरचं सगळं बरोबर आहे पण एक गोष्ट राहतेय असं वाटलं म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

एका १४ वर्षांच्या मुलाशी बोलत होते. सायकल उचलली होती, दोन दिवस फिरवली, तिसऱ्या दिवशी पकडला गेला. खुर्चीच्या हाताला रेक्झिन फाटलेलं होतं, तो पूर्ण वेळ त्या भोकात बोट घालून आतला स्पंज खेचत होता. मी विचारलं सायकल का घेतलीस, तर म्हणाला त्यांच्याकडे अजून दोन आहेत. हे उत्तर मला नवीन नाही. साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये लिहूनच ठेवलंय की मुलं समाजाचे नियम नाकारत नाहीत, स्वतःपुरती पळवाट काढतात, कोणाचं नुकसान झालंच नाही, त्यानेच आधी काढलं, मित्रासाठी केलं. म्हणजे चोरी वाईट हे त्याला पक्कं माहीत होतं, नाहीतर कारण द्यायची गरजच काय होती?

मला हललं ते पुढचं. त्याच मुलाला मी पाच-सहा महिन्यांनी परत भेटले, मध्ये त्याची बरीच ने-आण झाली होती, शाळेत कळलं होतं, बाकावर शेजारी कोणी बसत नव्हतं. पुन्हा काहीतरी घडलं होतं. या वेळी मी विचारलं तर म्हणाला, "आमच्यासारख्या पोरांचं असंच असतं मॅडम." पहिल्या भेटीत तो "मी" म्हणत होता. आता "आमच्यासारखी पोरं" झाली होती. ही पोरं कोण, हे त्याला कोणी सांगितलं? मी वहीत फक्त तेवढेच दोन शब्द लिहून घेतले त्या दिवशी.

लेमर्टने १९५१ मध्ये याला प्राथमिक आणि दुय्यम विचलन म्हटलंय. पहिली चूक शंभर कारणांनी होते, पण शिक्का बसला आणि मुलाने तो आपलाच समजून घेतला की पुढचं वागणं त्या शिक्क्याला धरून होतं. बेकरने १९६३ मध्ये हेच जास्त ठासून मांडलं, की विचलन कृतीत नसतं, इतरांनी लावलेल्या नावात असतं. गवतफूल, तुझ्या मावसभावाच्या तोंडावर जे बोललं जातंय ना, ते यातच येतं. शाळा बुडवणं म्हणजे गुन्हा नाही, पण "तू गुन्हेगार होणार" हे वाक्य रोज ऐकणं त्या मुलासाठी शाळा बुडवण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. त्याला विचार की तो नेमका कधी बुडवतो, का ते नंतर विचार. का विचारलं की मुलं गप्प होतात, कधी विचारलं की वार आणि तास सांगतात आणि कारण त्यातच सापडतं.

आणि चॅम्ब्लिस वाच, १९७३ चा लेख आहे. एकाच शाळेतले दोन गट, एकात खात्यापित्या घरची आठ मुलं, दुसऱ्यात गरीब घरची सहा. दोन वर्षं तो बघत होता. पहिला गट शाळा बुडवायचा, दारू प्यायचा, बेफाम गाडी चालवायचा, तोडफोड करायचा, एकालाही अटक नाही, कारण गाडी होती, लांब जाऊन करायचे, आणि पकडलं तरी नम्रपणे सॉरी म्हणायला येत होतं. दुसरा गट गावातच नाक्यावर उभा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, पोलिसांशी तोंड वर करून बोलणारा, तो सारखा अडकायचा. आता सांग, बालगुन्हेगारी कोणत्या गटात जास्त होती? कागदावर फक्त एकाच गटाची सापडेल.

पायवाट

सगळं वाचलं, मनापासून लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी. पण मला थोडं टोचलं. माझ्या आईच्या गळ्यातली चेन दोन मुलांनी ओढली होती, त्यातला एक १६ चा होता. आई पडली, मनगट मोडलं, आता ती संध्याकाळी एकटी बाहेर पडत नाही, जाऊन आले म्हणते आणि गेटपर्यंतच जाऊन येते. तिच्यासाठी ते विचलन की वयाधारित दोष की शिक्का याने काय फरक पडतो? सगळं नाव देण्यावरच असतं असं म्हटलं की तिचं मनगट पण कोणीतरी दिलेलं नावच होतं का असा प्रश्न पडतो. रागाने नाही विचारत, खरंच विचारतेय.

गुलबक्षी

पायवाट ताई, नाही, मनगट खरं आहे आणि तुमच्या आईची भीतीही खरी आहे. माझ्या लिहिण्यातून वेगळं वाटलं असेल तर ती माझी चूक. शिक्क्याचा विचार शाळा बुडवणं, भटकणं, सायकल उचलणं यांना जितका लागू पडतो तितका दुसऱ्याच्या अंगावर हात टाकण्याला पडत नाही. तिथे इजा आधी होते, नाव नंतर येतं.

पण म्हणूनच या सगळ्यांना एका पोत्यात भरू नये असं मला वाटतं. न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने एक बैठक सुरू झाली, मुलगा, त्याच्या घरचे आणि ज्याचं नुकसान झालं ती व्यक्ती समोरासमोर बसतात, तिची तयारी असेल तरच. त्यात तुमच्या आईला "मी आता गेटपर्यंतच जाते" हे त्या मुलाला स्वतः सांगता आलं असतं. नेहमीच्या खटल्यात ती फक्त साक्षीदार असते.

जुनीवही

पायवाट यांचा मुद्दा व्याख्येच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे, बरं झालं विचारलंत. शिक्क्याचा सिद्धांत आणि कृतीचं सत्य दोन्ही धरून चालायला लागतं.

यात दोन गोष्टी माहीत असाव्यात. १९५० च्या दशकात शॉर्ट आणि नाय यांनी मुलांनाच नाव न घेता प्रश्नावली भरायला दिली तेव्हा दिसलं की छोटेमोठे नियम मोडणारी मुलं सगळ्या थरांत आहेत, पोलिसांच्या नोंदीत मात्र काहीच थर दिसतात. म्हणजे थोडीफार कसूर जवळजवळ सगळेच करतात. दुसरीकडे वोल्फगँग आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात १९४५ साली जन्मलेल्या ९,९४५ मुलग्यांच्या पोलीस नोंदी तपासल्या, निष्कर्ष १९७२ मध्ये आले. त्यातले ६२७ म्हणजे सुमारे ६ टक्के मुलगे एकूण नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी जवळपास ५२ टक्क्यांना जबाबदार होते. मॉफिटने १९९३ मध्ये हाच धागा पुढे नेला, बहुतेकांचं वागणं किशोरवयापुरतं असतं आणि विशी ओलांडता ओलांडता ओसरतं, एक छोटा गट लहानपणापासून मोठेपणापर्यंत तसाच राहतो. या दोन गटांना एकच शब्द लावला की पहिल्या गटावर अन्याय होतो आणि दुसऱ्या गटाला जी लवकर आणि जास्त मदत पाहिजे ती मिळत नाही.

(मावसभावाबद्दल घरच्यांना हेच सांग, १३ व्या वर्षी शाळा बुडवणारी बहुतेक मुलं गुन्हेगार होत नाहीत.)

गवतफूल

किती लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी, दोन दिवस परत परत वाचतेय. पायवाट ताई, तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं, मी प्रकल्पात इजा झालेल्या व्यक्तीवर एक भाग घालणार आहे, आधी तो नव्हताच.

नवी व्याख्या लिहिलीये, बघा जरा: "कायद्याने ठरवलेल्या वयाखालील मुलामुलींचं असं वर्तन, जे त्या ठिकाणच्या आणि त्या काळच्या कायद्यानुसार गुन्हा ठरतं किंवा केवळ त्यांच्या वयामुळे कायद्याच्या कक्षेत आणलं जातं, आणि ज्याची औपचारिक यंत्रणेने दखल घेतलेली असते किंवा घेता येते." शीर्षकात बालगुन्हेगारी ठेवू की विधिसंघर्षग्रस्त बालक?

आणि गुलबक्षी ताई, काल रात्री भावाला "कधी" विचारलं. सोमवार आणि गुरुवार म्हणाला. त्या दोन दिवशी भाषेच्या तासाला उभं राहून धडा वाचायला लावतात. तो अडखळत बोलतो हे आम्हाला सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे आणि कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मावशीला सांगितलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली उद्या मी शाळेत जाते.

तिसराबाक

व्याख्या छान जमलीये. शीर्षकात बालगुन्हेगारी ठेव, विषयाचं ते रुळलेलं नाव आहे. पण आत जिथे एखाद्या मुलाबद्दल लिहिशील तिथे विधिसंघर्षग्रस्त बालक लिही. प्रकाराला एक शब्द आणि माणसाला दुसरा, आणि असं का केलं ते पहिल्या पानावर दोन ओळींत सांगून टाक.

जुनीवही

एकच दुरुस्ती. "दखल घेतलेली असते किंवा घेता येते" हे दोन्ही एकत्र ठेवता येणार नाही, ते दोन वेगळे अभ्यास आहेत. "घेतलेली" म्हटलंस की चॅम्ब्लिसची ती आठ मुलं तुझ्या व्याख्येतून बाहेर पडतात, कारण त्यांना कोणी पकडलंच नाही. "घेता येते" म्हटलंस की ती आत येतात, पण मग पोलिसांचे आकडे तुला पुरणार नाहीत. तू माहिती कुठून घेणार आहेस?

गवतफूल

शाळेतल्या मुलांना प्रश्नावली देणार आहे सर, नाव न लिहिता, पालकांची आणि शाळेची परवानगी घेऊन. म्हणजे "घेता येते" ठेवते आणि "घेतलेली" काढून टाकते.